पिवळ्या शिंगांचे बैल

आमच्या पथकाची खोली झोन ऑफिसच्या मागच्या अंगाला होती, जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीला लागून. दाखल्याला आलेली माणसं चुकून आमच्या दारात डोकवायची आणि विचारायची, "मृत्यूचा दाखला इथंच भेटते का?" आमचा ड्रायव्हर मान वर न करता म्हणायचा, "नाही भाऊ, थो लागू नये म्हणून बसलो आमी." माणूस बिचारा गोंधळून पुढे जायचा. मी मात्र दर वेळी हसायचे, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.

पथक म्हणजे आम्ही चौघं. मंजूर जागा जास्त होत्या, पण त्या कागदावरच राहिल्या. स्वच्छता निरीक्षक आमचे साहेब, अंगानं भरलेले, मनानं लोणी. रक्त घेणारा लॅबवाला पोरगा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा. ड्रायव्हर मूळचा भिवापूरचा. आणि मी नर्स, अर्धा जन्म लसीकरणात गेलेली, तोंडाची फटकळ. काम एकच: जुन्या घरांत लहान लेकरांच्या पोटात शिसं जातं, ते थांबवायचं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं, पिवळ्या आणि लाल रंगात जास्तच. चौकटीचे पोपडे पडतात, त्यांची धूळ होते, लेकरू त्या धुळीत रांगतं आणि हात तोंडात घालतं. ना ताप येत, ना पुरळ उठत. लेकरू नुसतं फिकट पडतं, पोट दुखतं म्हणून किरकिर करतं, बोलायला उशीर लावतं. पुढे शाळेत मागे पडलं की घरचे म्हणतात, जरा मंदच आहे आमचं. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अजून फिरतं.

पण खरं सांगू? त्या चारही खुर्च्या भरलेल्या असायच्या ते दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. सकाळी आधी कोपऱ्यावरचा तर्री पोहा, मग गाडी. दुपारी चार डबे एकाच टेबलावर उघडायचे. ड्रायव्हर गावाकडच्या मिरचीचा ठेचा आणायचा आणि साहेब दर वेळी "आज खाणार नाही" म्हणून सगळ्यांत जास्त खायचे. मग डोळे पुसत म्हणायचे, "सिस्टर, हा माणूस माझा जीव घेऊन राहिला."

घरात शिरलो की प्रत्येकाची जागा ठरलेली. साहेब आपलं एवढं पोट घेऊन जमिनीवर गुडघ्यांवर यायचे. लेकराच्या नजरेतून घर पाहायचं, असं त्यांचं म्हणणं. एका कॉलेजातून उसनी आणलेली मशीन ते चौकटीला लावायचे, की ती शिशाचा आकडा दाखवायची. लॅबवाला हातमोजा फुगवून त्याचा कोंबडा करायचा आणि लेकरू कोंबडा पाहीपर्यंत रक्त काढून मोकळा. मी बायकांशी बोलायचे. आणि ड्रायव्हर बाहेर पारावर बसून गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी गप्पा ठोकायचा. कोणाच्या घरी जुन्या बॅटऱ्या फोडतात, कोणी कोणतं काजळ आणतं, हे सगळं आम्हाला त्याच्याकडूनच कळायचं. चार माणसं कशाला लागतात, हे ज्यांनी कधी विचारलं त्यांना मी एक दिवस गाडीत बसवून न्यायला हवं होतं.

नंदनवनच्या जुन्या गाळ्यांतल्या एका पोरीचं रक्त असंच एका हिवाळ्यात आमच्याकडे आलं. अडीच वर्षांची. "आबा" आणि "दे" एवढे दोन शब्द बोलायची. आकडा पाहून लॅबवाल्यानं तो पुन्हा तपासला, मग साहेबांपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही त्या घरी गेलो.

बाप ट्रकवर, महिना-महिना बाहेर. आई सीताबर्डीला साड्यांच्या दुकानात. पोर दिवसभर आजोबांपाशी. आजोबांनी उभं आयुष्य ट्रकच्या बॉड्या रंगवण्यात काढलेलं: फुलं, कमळं, वाघ, काय म्हणाल ते. घराची दारंही त्यांनीच रंगवलेली, कामातून उरलेल्या पेंटनं. समोरच्या दारावर मोर होता. असा मोर की मी उंबरठ्यातच थबकले. साहेबांनी मशीन मोराच्या पिसाऱ्याला लावली आणि आकडा भराभर चढला. आजोबांना वाटलं, रंगाची जात तपासतात. ते खूश होऊन म्हणाले, "पाहा! असली माल हाय. आताच्या रंगात दम नाही राह्यला."

साहेबांनी त्यांना खाली बसवून सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा उतरत गेला.

आठवडाभर आम्ही त्या घरात राबलो. पोरीला आईसोबत मामाकडे धाडलं. प्लास्टिक अंथरलं, रंग ओला करून खरवडला, कोरडा नाही, धूळ उडू नये म्हणून. मोर गेला तेव्हा आजोबा पाठ करून उभे राहिले, पण अडवलं नाही. माळ्यावर पिवळ्या-लाल रंगाचे जुने डबे होते, तेही त्यांनी स्वतः काढून दिले. ती निघण्याआधी मी आईला विचारलं होतं, "खेळणी कोणती आहेत पोरीची?" ती म्हणाली, "खेळणं कायचं बाई, एक बाहुली अन् दोन डबडे." तेही तपासले, स्वच्छ होते. सगळं आटोपलं तेव्हा साहेबांनी देवघराकडे वळून हात जोडले. आम्हीही जोडले. आता काही महिन्यांत पोरीचा आकडा उतरणार, याबद्दल आम्हा कोणाला शंका नव्हती.

मग उन्हाळा आला आणि आमचं पथक पाघळायला लागलं. साहेबांना मतदार याद्यांच्या कामाला उचललं. गाडी आणि ड्रायव्हर नालेसफाईला गेले, "पंधरा दिवसांसाठी", ते परतलेच नाहीत. लॅबवाल्याची ऑर्डर संपली, नवी निघाली नाही. जाण्याआधी त्यानं शेवटचं रक्त घेतलं ते या पोरीचं. जाताना मला म्हणाला, "मॅडम, हिचा रिपोर्ट मला फोन करून सांगाल ना?"

रिपोर्ट आला. आकडा वाढला होता.

मी आईला दुकानाबाहेर भेटून सांगितलं. ती फुटलीच. "सासऱ्याचा मोर खरवडला. घर उलटंपालटं केलं. अन् आकडा वाढला? तुमी नव्हते आले तवा बरी होती माझी पोट्टी! काय कामाचे तुमी लोक?" रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. मला राग आला, पण तिचा नाही. तिचं काय चुकलं होतं? हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की आणखी वाढला तर पोरीला भरती करून औषध द्यावं लागेल, आणि मेंदूचं जे नुकसान झालं ते कोणतंही औषध भरून देत नाही. घरी आले आणि ओट्याशी उभी राहून मी पोटभर रडले. भाजी करपली, तिचाही राग आला.

घरात शिसं कुठून तरी जात होतं आणि शोधायला पथकात उरले होते मी एकटी. त्यातही अर्धा दिवस लसीकरणाचा चार्ज माझ्या गळ्यात. त्यामुळे सकाळचं जमेना. पूर्वी आम्ही नेहमी सकाळी जायचो. त्या दिवशी कॅम्प संपवून भरदुपारी ई-रिक्षानं नंदनवनात उतरले. पाऊस लांबलेला, अंगाची नुसती लाही. दार लोटलेलं होतं. आजोबा खाटेवर झोपलेले, पंखा गरगरत होता, आणि खाली सतरंजीवर पोर झोपली होती, लाकडाचा बैल छातीशी धरून. बैलाचं शिंग तिच्या तोंडात.

माय वं!

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत घरोघर जातात, घरची बाई बैलाची पूजा करते आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे काही पैसे, नाहीतर खाऊ. घरोघरी असा एक तरी बैल असतो. वर्षभर तो देवघरात नाहीतर कपाटावर राहतो आणि पोळ्याआधी त्याला नव्यानं रंग देतात. माझ्या भावाचा होता. त्याच्या बैलाचा एक कान मी तोडला होता आणि आई पोळ्याच्या दिवशी मारत नाही म्हणून वाचले होते. साहेबांच्या घरी होता, ड्रायव्हरच्या घरी होता. आम्ही सगळे याच मातीतले. तरी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी शिंग हळूच बाहेर ओढलं. पिवळंजर्द शिंग, ओलं, आणि टोकाला चोखून चोखून आतलं लाकूड दिसत होतं. पोरीनं भोकाड पसरलं. आजोबा धडपडत उठले.

"काय झालं वं बाई? बैल काहून घेतला तिचा?"

"आजोबा, खेळणी विचारली होती ना आम्ही? हा काहून नाही दाखवला?"

"बैल काय खेळणं हाय का?" त्यांना खरोखर नवल वाटलं. "देव हाय थो. सकाळी मी पूजा करतो त्याची. दुपारी ही त्याच्याबिगर झोपत नाही, म्हणून देतो. उठली का पुसून परत देवाजवळ ठेवतो."

म्हणजे आमच्या प्रत्येक सकाळी तो देवघरात होता. हळदकुंकू लावून. आम्ही त्याच्यासमोर हात जोडून आलो होतो!

"रंग कोणता दिला याला?"

"थोच. माळ्यावरच्या डब्यातला. तिचा बाप लहान होता तवापासून दर पोळ्याले नवा हात मारतो." एवढं बोलून ते खाली वाकले आणि खाटेखालचं पोतं बाजूला सारलं. तिथं बैल उभे होते. लहान, मोठे, ओळीनं. गल्लीतल्या घरांतून पोळ्यासाठी रंगवायला आलेले. काही पॉलिश पेपरनं अर्धे घासलेले, आणि त्यांच्याखाली पिवळी-लाल भुकटी. ज्या घरातली धूळ आम्ही हातानं पुसून काढली होती, त्याच घरात.

"गल्लीतले सगळे मीच रंगवतो," आजोबा म्हणाले. "दर साली. पैसे नाही घेत कोनाकडून."

त्यांनी नातीला उचललं, मग एकदम खाली ठेवलं, आपले दोन्ही हात पाहिले आणि मोरीकडे गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

घर मी त्याच दुपारी ओल्या फडक्यानं पुन्हा पुसलं. पोरीला मावशीकडे हलवलं. पण गल्लीचं काय? पथक असतं तर दोघं एका बाजूनं, दोघं दुसऱ्या बाजूनं, दोन दिवसांत सगळी घरं झाली असती. मी आजोबांना म्हटलं, "मी ऑफिसला सांगते, माणसं मागते." ते म्हणाले, "पोळा काय तुमच्या ऑफिसासाठी थांबते? चाला, मी येतो."

आणि तो म्हातारा खरंच माझ्यासोबत दारोदार फिरला. मला दारात एक शब्द बोलू देत नव्हता. स्वतःच पुढे व्हायचा आणि सांगायचा, "मी रंगवलेला बैल हाय ना तुमच्याकडे, थो वापस द्या. रंगात जहर निघालं." कोणी हसलं. कोणी म्हणालं, "म्हातारा चळला बे." एका बाईनं तर तोंडावर दार लावलं, "देव कोनी वापस मागते का?" ते दारापाशी उभेच राहिले. पुन्हा कडी वाजवली. त्यांच्या सुनेच्या वयाची ती पोरगी, तिच्यापुढे हात जोडून म्हणाले, "मले शिव्या दे, पण बैल दे." तिनं दिला. मी ऑफिसरांसमोर कधी डोळ्यात पाणी आणलं नाही, पण त्या दारात माझा पदर ओला झाला, लपवत कशाला?

आजोबा बैल पोत्यात भरू देईनात. देव आहेत म्हणे. मग चादरीत गुंडाळून, ई-रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही ते पथकाच्या खोलीत आणले. कपाटात जागा नव्हती, म्हणून रिकाम्या खुर्च्यांवर ठेवले. साहेबांच्या खुर्चीवर सगळ्यांत मोठी जोडी. शेजारच्या खिडकीवरचा बाबू येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "मॅडम, स्टाफ भेटला वाटते?" मी हसले. हसता हसता मला त्या तिघांची इतकी आठवण आली की मी दार लावून घेतलं. ड्रायव्हर असता तर मोठ्या बैलाच्या गळ्यात साहेबांचं ओळखपत्र अडकवून मोकळा झाला असता.

त्या वर्षी गल्लीचा तान्हा पोळा मातीच्या बैलांचा झाला, कुंभाराकडून आणलेल्या, बिनरंगाच्या. त्यांना चाकं नाहीत, लेकरं ताटात घेऊन फिरली. एकाचा फुटला तर त्यानं गल्ली डोक्यावर घेतली. आजोबा दारात बसून होते. त्यांच्यापाशी बोजारा मागायला फारशी लेकरं आली नाहीत, आयांनीच अडवली असावीत. जी आली त्यांच्या हातावर त्यांनी लाडू ठेवले, पण दुरून, बोट लागू न देता.

मी झोनच्या मोठ्या ऑफिसरांकडे गेले. म्हटलं, साहेब, एक पोर नाही, गल्लीभर लेकरं आहेत. सगळ्यांचं रक्त तपासायला हवं. माणसं द्या. ऑफिसर वाईट नव्हते. त्यांनी सगळं नीट ऐकलं, चहा सांगितला आणि कौतुकानं म्हणाले, "कमाल केली तुम्ही सिस्टर. चौघांना सापडलं नाही ते एकटीनं शोधलं. मग हे एवढं पथक हवंच कशाला?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, एकटीनं शोधलं कारण एकटीच ठेवली होती! चौघं असतो तर आजवर सगळ्या लेकरांचं रक्त तपासून झालं असतं. आणि मी दुपारी पोचले ती माझी हुशारी नव्हे, सकाळी लसी टोचत होते म्हणून!" एवढ्या जोरात बोलले की चहा आणणारा दारातच थांबला. ऑफिसर म्हणाले, "प्रस्ताव पाठवा." पाठवला. त्याच वर्षअखेरीस उरलेल्या जागाही गेल्या. मला कायमचं लसीकरणात धाडलं, शहराच्या टोकाला, बेसाकडच्या केंद्रावर. तिथं सगळ्या इमारती नव्या, लिफ्टच्या. आमच्या खोलीत आता दाखल्यांची रांग बसते म्हणे, निदान लोकांना सावली तरी झाली.

पोरीचं पुढचं रक्त घ्यायला सरकारी माणूस नव्हता. मी आमच्या लॅबवाल्याला फोन केला. तो आता एका खासगी लॅबमध्ये असतो. रविवारी सकाळी मोटरसायकल घेऊन नंदनवनात हजर. खिशातून हातमोजा काढला, फुगवला, कोंबडा केला. पोर खदखदून हसली आणि मला वाटलं, आत्ता गुडघ्यांवर रांगत साहेब येतील. डॉक्टरांची चिठ्ठी होती म्हणून तिचं रक्त घेता आलं. बाकी लेकरांना चिठ्ठी कोण देणार? त्यांना ना ताप, ना खोकला. आया म्हणतात, आमचं लेकरू धडधाकट आहे.

आकडा उतरला होता. बराच. मी रिपोर्ट घेऊन स्वतः गेले, फोनवर सांगवेना. आईनं माझे हात धरले आणि सोडेचना. पोर तेवढ्यात दारातून ओरडली, "आबा, गाडी आली!" अख्खं वाक्य. आम्ही दोघी बाया वेड्यासारख्या हसलो आणि रडलो. त्या दिवसासारखा आनंद मला नोकरीत कधी झाला नाही.

मी निघताना आजोबा कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

"हिचं उतरलं," ते म्हणाले. "बाकीच्यांचं?"

"माणसं मिळाली की घेऊ, आजोबा."

"कवा भेटते माणसं?"

रिक्षा येऊन थांबली होती.

"लवकर भरा म्हणा जागा, बाई," ते म्हणाले. "माझं वय झालं. मरायच्या आधी मले मालूम झालं पाहिजे, मी कोन्या कोन्या लेकराले जहर चाटवलं."

अजूनही त्यांचा फोन येतो, दुपारचा, केंद्रावरची गर्दी ओसरली की. परवाही आला. "भरली का जागा?" मी म्हटलं, नाही आजोबा. ते "बरं" म्हणाले. मग गल्लीतल्या लेकरांची नावं एकेक करून सांगत राहिले, कोण कोणत्या घरातलं, कोणाचा बैल केवढा होता, कोण अजून नीट बोलत नाही. मी त्यांना एकदाही मध्ये थांबवलं नाही.